मरून रंगाचा टाय

उद्या एखादा इतिहास संशोधक हिंगणघाट तालुक्यातल्या वडनेरला आला आणि घराघरांतल्या भिंतींवरचे फोटो पाहून त्यानं प्रबंध लिहिला, तर त्यातलं पहिलंच वाक्य असेल, 'या गावातील पुरुष रोजच्या पेहरावात टाय घालीत असत.' दुसरं असेल, 'सुट्टीच्या दिवशीही घालीत. जत्रेत, सहलीत, फार काय, विहिरीवर पोहायला जातानाही घालीत.' आणि संशोधक जरा बारीक नजरेचा निघाला तर तिसरं, 'मात्र संपूर्ण गाव मिळून टाय एकच होता.'

पहिली दोन वाक्यं सपशेल खोटी. तिसरं शंभर टक्के खरं.

तो टाय चंद्रभान झाड्यांचा. रंग मरून, त्यावर पांढरे ठिपके आणि खालच्या टोकाला हळदीचा एक डाग, जो कुणाच्या लग्नात पडला यावरून गावात आजही दोन पक्ष आहेत. नांगर धरणारा असो, जिनिंगमध्ये कापूस ओढणारा असो की बसस्टँडवर भजी तळणारा, फोटो काढायला 'जागृती फोटो स्टुडिओ'त शिरला की चंद्रभान स्वतःच्या गळ्यातला टाय ढिला करायचे, डोक्यावरून काढायचे आणि पोळ्याच्या बैलाला माळ घालावी तसा गिऱ्हाइकाच्या गळ्यात सरकवायचे. मान वर, श्वास बंद, खट्ट. फोटो झाला की टाय परत मालकाच्या गळ्यात. वैशाखात तो इतका घामेजलेला परत यायचा की चंद्रभान गावातल्या निम्म्या पुरुषांना वासावरून ओळखू शकत.

टायची गाठ मात्र कधी सुटलेली नव्हती. तरुणपणी चंद्रभान नागपूरला सीताबर्डीवरच्या एका स्टुडिओत काम शिकले. निघताना तिथल्या उस्तादानं हा टाय त्यांच्या गळ्यात बांधून दिला. गाठ मारायची कशी हे विचारायचं राहून गेलं आणि पुढं उस्तादच राहिले नाहीत. त्यामुळं वडनेरच्या पुरुषांची सगळी शान त्या एका गाठीवर तगून होती. सैल करायची, घट्ट करायची, पण सोडायची नाही.

चंद्रभान स्वतः तो रोज घालायचे. रविवारी, पोळ्याला, होळीला, सासुरवाडीला. सुट्टीच्या दिवशी तरी गळा मोकळा ठेवा म्हटलं तर म्हणायचे, "गिऱ्हाइकाले काय सुट्टी माहीत रायते?" यावर त्यांची बायको गोपिका म्हणायची, "आंघोयीले तरी काढत जा जी. नाई त एक दिवस त्यालेच साबन लावून बाहेर यान आन तुमी तसेच रायसान."

फोटो काढताना माणसं जिवंत असत. पुढं यथावकाश ती मरत आणि तेच फोटो मोठे होऊन, हार घालून भिंतीवर चढत. अशानं वडनेरमध्ये मेलेला हरेक पुरुष मरून टाय लावून खाली आपल्या नातवंडांकडं बघत बसलेला असे. ज्याला जन्मात टाय लाभला नव्हता त्याला मेल्यावर चंद्रभान कॉम्प्युटरवर लावून देत. लोक त्यासाठीच येत. "बाबाचा फोटो बनियनवरचा हाये भाऊ, जरासा टाय मारून द्या."

या प्रकाराला गावात एकच माणूस हसायचा. हरिदास भोयर.

हरिदास म्हणजे चंद्रभानचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची भाजीची वाडी होती. वांगी, टमाटर, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. तो पिकवायचा आणि बायको पंचफुला बाजारात बसून विकायची. डोक्यावर पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, दाढीचे खुंट आठवड्याला एकदा निघायचे आणि डाव्या भिवईवर चांगली तुरीच्या दाण्याएवढी चामखीळ. पंचफुला म्हणायची की लग्नात अंतरपाट निघाला तेव्हा आधी ती चामखीळ दिसली आणि मागून नवरा.

"कोनता रंग म्हनतं याचा?" हरिदास टाय चिमटीत धरून विचारायचा.

"मरून."

"म्हंजे मरूनच घालाचा. जिवंतपनी नाई." आणि स्वतःच्या विनोदावर खोकला येईपर्यंत हसायचा. "चंद्र्या, हा कंठलंगोट मले लावशीन त पाय बे. भूत होऊन तुह्या स्टुडिओत बसीन."

तरी एकदा तो सापडलाच. पाचसात वर्षांमागं दोघं जोडप्यानं गिरडला गेले होते, टेकडीवरच्या दर्ग्याला. सुट्टीच होती ती, हरिदासच्या आयुष्यातली बहुधा एकुलती एक. वाटेत एका फाट्यावर बस सोडून जीपगाडी धरायची होती. तेवढ्यात कॅमेऱ्याचे सेल संपल्याचं चंद्रभानना कळलं. "इथंच थांब. हालू नोको. मी आलोच," असं हरिदासला सांगून ते सेल शोधायला गेले. बायका लिंबाखाली डबा सोडून बसल्या. दुकानात कुणी ओळखीचा भेटला, गप्पा रंगल्या, चंद्रभान बऱ्याच वेळानं परतले, तर हरिदास त्याच जागी उन्हात उभा. दोन पावलांवर सावली असून.

"अबे, सावलीत नाई व्हाचं काय?"

"तूच म्हनलं ना, हालू नोको."

त्याच दिवशी टेकडीवर चंद्रभाननी त्याचा दुपट्टा ओढून घेतला आणि टाय घातला. पंचफुलानं पदर तोंडाला लावून हसून घेतलं. हरिदास आधी कुरकुरला, मग मान वर, श्वास बंद. खट्ट. परत आल्यावर चंद्रभाननी त्या फोटोवर जीव ओतून काम केलं. रंग दोन छटा उजळ, दाढीचे खुंट साफ, गालाच्या सुरकुत्या सपाट, आणि दोस्ती म्हणून, जास्तीचं काही न घेता, चामखीळ गायब. फोटो इतका देखणा झाला की पंचफुला पाहून म्हणाली, "बाई गं! याले पाहून त मी पदर घेतला असता."

मग हरिदासचं डोकं हळूहळू वाट चुकू लागलं. एकदा सांभार पेरलेल्या वाफ्यात त्यानं पुन्हा सांभार पेरला. एकदा पहाटे टोपली डोक्यावर घेऊन बाजारात गेला आणि टोपली रिकामी. मुलाला, मुकेशला, तो आपल्या मेलेल्या भावाच्या नावानं हाक मारू लागला. मुकेश हिंगणघाटला जिनिंगमध्ये नोकरीला. तो बिचारा भावाच्या नावालाही 'ओ' द्यायला शिकला. स्वतःचं नाव हरिदासला कधी आठवायचं, कधी नाही. पंचफुलाचं मात्र कधी चुकलं नाही.

नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. सकाळी दहालाच रस्त्याचं डांबर चपलेला धरत होतं. बाजाराचा दिवस. पंचफुला एका गिऱ्हाइकाशी टमाटरावरून भांडत होती, हरिदास मागं पोत्यावर बसला होता. "मी येतोच," म्हणाला आणि उठला. भांडण मिटवून तिनं मागं पाहिलं तर पोतं रिकामं. बसस्टँडवरच्या भजीवाल्यानं म्हातारा बशीत चढताना पाहिला होता. कुठल्या बशीत, ते नाही.

पोलिसात कळवून झालं, नातेवाइकांना फोन झाले, आणि दुसऱ्या दिवशी पंचफुला आणि मुकेश स्टुडिओत आले.

"भाऊजी, फोटो द्या," पंचफुला म्हणाली. "पोस्टर लावाचे हायेत."

चंद्रभाननी क्षणाचाही विचार न करता गिरडचा फोटो काढला. गोपिका दारात उभी होती. म्हणाली, "दुपट्ट्यातला नाई का एखादा? भाऊजी असे कधी दिसतेत?"

"तुले काय समजते त्यातलं?" चंद्रभान म्हणाले. पण रागानं नाही, समजावून. "अवो, दुपट्टेवाला म्हातारा हरवला त कोन शोधते? अशे पन्नास म्हातारे हरेक बसस्टँडवर बसले रायतेत. टायवाला मानूस हरवला का मंग लोकं पायतेत. पोलीस बी खुर्चीवरून उठतेत."

मुकेशला ते पटलं. खरं तर सगळ्यांनाच पटलं, कारण ते चूक नव्हतं. दुपट्टेवाल्या म्हाताऱ्याला कुणी शोधत नाही हे वडनेरमध्ये ज्याला ठाऊक नाही असा माणूस नाही. पंचफुला म्हणाली, "अंगात पांढरा सदरा, धोतर, डोस्क्यावर दुपट्टा, भवईवर चामखीय, हे बी लिहा." चंद्रभाननी लिहिलं, पण तळाशी, बारीक अक्षरात, कारण वर 'प्रतिष्ठित बागायतदार श्री. हरिदासजी भोयर' या ओळीनं बरीच जागा खाल्ली होती. झेरॉक्सच्या पहिल्याच गठ्ठ्यात तळाची ओळ काळी होऊन गेली. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरला, त्यात तर ओळ नव्हतीच. संपर्कासाठी खाली चंद्रभानचाच मोबाइल नंबर होता. मुकेशचा फोन कामावर असताना बंद असे.

काळीपिवळी जीपवाल्यांच्या हाती पोस्टरं गेली. समुद्रपूर, गिरड, सेलू, केळझर, वर्धा. दुकानांवर, टपऱ्यांवर, विजेच्या खांबांवर मरून टायमधला हरिदास झळकू लागला. आख्ख्या जिल्ह्याला असं वाटलं की कोणी रिटायर्ड तहसीलदार हरवलाय.

फोनही येऊ लागले. एकानं सांगितलं, बँकेत असा माणूस पाहिला, पण तो मॅनेजर निघाला. एका लग्नात असाच गृहस्थ जेवताना दिसला, तो नवऱ्या मुलाचा मामा होता आणि त्याला ताटावरून उठवल्याबद्दल वरपक्षानं चंद्रभानना फोनवरच शिव्या घातल्या. दुपट्टेवाल्या म्हाताऱ्याबद्दल एकही फोन आला नाही.

दिवस जात होते, ऊन वाढतच होतं. पंचफुलानं बाजारात बसणं सोडलं नाही. "इथूनच गेले ना," ती म्हणायची, "मंग इथंच येतीन." मागचं पोतं तिनं रोज तसंच अंथरलेलं असायचं.

शेवटी चंद्रभान स्वतः निघाले. टाय घालून, बगलेत पोस्टरांची गुंडाळी, हातात खळीचा डबा. समुद्रपूरच्या बसस्टँडवर उतरले, घशाला कोरड पडली होती, म्हणून आधी पाणपोईवर गेले. ओंजळीत पाणी घेतायत तोच मागून कुणीतरी खांदा धरला.

"सापडले! अरे सापडले रे बावा!"

बघता बघता दहाबारा माणसं गोळा झाली. एकानं त्यांना बाकावर बसवलं, दुसऱ्यानं रुमालानं वारा घातला.

"आजोबा, घाबरू नोका. तुमचं नाव हरिदास हाये."

"अरे, मी चंद्रभान!"

"असंच वाटते या बिमारीत," एक समजूतदार माणूस बाकीच्यांना म्हणाला. "माह्या मामाले बी असंच होतं. तो सोताले कलेक्टर समजे."

"मी फोटोग्राफर हाओ बाप्पा! हे पोस्टर मीच लावून राह्यलो!"

"पाहा, सोताचाच पोस्टर सोता लावून राह्यले," समजूतदार माणसाचे डोळे भरून आले. "लावा फोन. घरचे लोकं परेशान असतीन."

एकानं पोस्टरावरचा नंबर लावला. चंद्रभानच्या खिशातला मोबाइल वाजू लागला. सवयीनं त्यांनी तो कानाला लावला.

"हॅलो," समोरचा माणूस दोन हातांवरून म्हणाला, "तुमचे बाबा सापडले जी."

लोक आधी गोंधळले आणि मग असे हसले की पाणपोईचा माठ हलला. चंद्रभानही हसले. त्यांना हसायला आवडायचंच. गावात जाऊन ही गोष्ट कशी रंगवून सांगायची याची जुळवाजुळवही मनात सुरू झाली. हसता हसता त्यांनी बगलेतलं एक पोस्टर उलगडलं आणि समोरच्याला म्हणाले, "पन बाप्पा, याच्यात आन माह्यात काय सारखं दिसलं तुमाले? तो गोल तोंडाचा, मी लांब तोंडाचा. तो काया, मी..."

त्यांचं लक्ष हातातल्या पोस्टराकडं गेलं.

"हे ना," तो माणूस म्हणाला आणि बोटानं त्यांच्या टायला टिचकी मारली.

चंद्रभान बाकावर मागं टेकले. कुणीतरी पाणी दिलं ते प्यायचं राहून गेलं. हातातल्या पोस्टरात काळा म्हणावा असा कुणी नव्हताच. रंग त्यांनीच उजळला होता. दाढी त्यांनीच काढली होती. इतके दिवस आख्खा जिल्हा त्यांच्या टायला शोधत होता.

त्यांनी तिथूनच गोपिकाला फोन केला. "दुपट्ट्यातला फोटो काढ. कोठूनही काढ. कोनाच्या लग्नातला, बारशातला. लवकर."

गोपिकानं जुने अल्बम जमिनीवर पसरले. लोकांचे फोटो काढायचे म्हटलं की हरिदास बाजूला सरकायचा, ही त्याची खोडच. शेवटी कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीच्या फोटोत, कोपऱ्यात, तो निघाला. हातात वांग्याच्या भाजीची बादली, डोक्यावर दुपट्टा, तोंड उघडं, कुणाला तरी 'घ्या ना' म्हणत असावा. अर्धं तोंड पंख्याच्या दांड्यामागं. पण चामखीळ होती. गोपिकानं मोबाइलनं त्या कोपऱ्याचाच फोटो काढला आणि सगळीकडं पाठवला.

संध्याकाळ व्हायच्या आत फोन आला. गिरडच्या वाटेवरच्या फाट्यावरून, एका चहाच्या टपरीवाल्याचा.

"हा बावा हरवला व्हय?" तो म्हणाला. "अजी, हा त आमच्यापाशीच होता."

'होता' हा शब्द चंद्रभाननी ऐकला, पण मुकेशला सांगताना गाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आणि मुकेश फाट्यावर पोचले. जीपमधून उतरताच चंद्रभानना जागा ओळखू आली. तोच लिंब. टपरी नवी. टपरीच्या फळीवर पोस्टर चिकटवलेलं होतं आणि त्याच्या बरोबर खाली एक बाक होता.

"इथंच बसे," टपरीवाला म्हणाला. चांगला माणूस होता, तोंड उतरलेलं. "रोज च्या द्यावा, भजे द्यावे. पैसे मांगितले नाई जी मी. नाव विचारलं त म्हने, 'पंचफुलाचा.' मले वाटलं गावाचं नाव असंन. दोनचार ड्रायवरायले विचारलं, पंचफुला कोठी आलं म्हून. कोनालेच माहीत नाई."

मुकेशनं तोंड फिरवलं.

"सावलीत बसा म्हनलं त बसे, मंग पुन्हा उठून रस्त्यावर उभा. म्हने, 'दोस्त गेला सेल आनाले. हालू नोको म्हनून गेला.' मी म्हनलं, कोनते सेल? त म्हने, 'फोटोचे. तो येते. बाता मारत बसला असंन कोठीतरी.'"

चंद्रभान लिंबाकडं बघत राहिले. विचारायचं नव्हतं तेही त्यांनी विचारलं. "आन हे पोस्टर? हे पाह्यलं नाई त्यानं?"

"पाह्यलं ना. मीच दाखवलं. म्हनलं, 'बावा, पाहा, एवढा मोठा मानूस हरवून राह्यला, तुमी त साधे मानसं.' त्यानं बराच वेळ पाह्यलं." टपरीवाल्यानं पंचा तोंडावरून फिरवला. "म्हने, 'बिचारा. घरचे वाट पाहून राह्यले असतीन त्याचे.' त्या दिवशीपासून जे कोन च्या प्याले येईन त्याले पोस्टर दाखवे. 'याले पाह्यलं का कोठी?' म्हनून विचारे."

बाजूनं ट्रक गेला. पोस्टरचा सुटलेला कोपरा फडफडला आणि पुन्हा फळीला चिकटला.

तीन दिवसांपूर्वी भर दुपारी हरिदास उठला होता. टपरीवाला फळी लावून आत लवंडला होता. रस्त्यानं सरळ चालत गेला तो पुढच्या गावाच्या शिवारात एका बाभळीखाली गुराख्यांना सापडला. उन्हानं. पोलीस आले, पंचनामा झाला. बेवारस म्हणून देह सरकारी दवाखान्यात ठेवला होता. आणखी एखादा दिवस उशीर झाला असता तर तोही मिळाला नसता.

चंद्रभानचा हात गळ्याकडं गेला. टाय ढिला करून डोक्यावरून काढायची सवय होती, पण त्या दिवशी बोटांनी भलतंच टोक धरलं आणि जोरात ओढलं. उस्तादाची गाठ सुटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच टाय सरळ झाला आणि मध्ये, जिथं गाठ होती तिथं, कापडाचा मूळचा रंग निघाला. गडद, नवाकोरा. त्यांनी तो मुठीत गोळा करून खिशात कोंबला आणि मुकेशच्या मागं जीपमध्ये चढले.

तेरवीला पंगतीतला फोटो मोठा करून लावला. पंचफुलानंच तो मागितला. मोठा केल्यावर तो जास्तच पुसट झाला. पंख्याचा दांडा तेवढा ठळक आला. सोयरेधायरे आले, हात जोडले आणि मग कुजबुजले.

"असा कसा फोटो जी? तोंड त उघडं हाये."

"गावात फोटोवाला दोस्त, आन मेल्यावर एक टाय नाई देता आला त्याले."

चंद्रभान दाराशी बसून पत्रावळी देत होते. त्यांनी ऐकलं आणि पुढच्या माणसाला पत्रावळ दिली. टपरीवाल्याचं सगळं बोलणं मुकेशनं आईला सांगितलं होतं की नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

पुढं ते टाय न घालता फिरू लागले. आणि वडनेरच्या लोकांना चंद्रभान झाडे दिसेनासे झाले. स्टुडिओत गिऱ्हाईक यायचं आणि त्यांनाच विचारायचं, "चंद्रभानभाऊ कोठी गेले?" बँकेतल्या शिपायानं त्यांना रांगेत मागं ढकललं. बाजारात ज्यांच्या तीन पिढ्यांचे फोटो काढले, त्यांनी चेहऱ्यावरून नजर फिरवली आणि पुढं गेले. एरवी यावर चंद्रभाननी आठवडाभर पुरेल एवढा हशा पिकवला असता. आता ते मुकाट्यानं घरी यायचे. गोपिकाही सुरुवातीला एकदोनदा दचकली होती, पण तिनं ते त्यांना कळू दिलं नाही.

पंचफुलासमोर जायचं त्यांनी टाळलं होतं. एका बाजाराच्या दिवशी गोपिकाला बरं नव्हतं, म्हणून पिशवी घेऊन जावंच लागलं. पंचफुला सांभाराच्या जुड्या बांधत होती. मागं पोतं अंथरलेलं होतं.

"काय द्यू, बावाजी?" तिनं मान वर न करता विचारलं.

"वहिनी, मी होय."

तिनं वर पाहिलं. जरा वेळच लागला तिला.

"भाऊजी?" ती म्हणाली. "टाय काऊन नाई घातला?"

चंद्रभाननी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मुकेशनं सांगितलं मले सारं," ती म्हणाली. एक जुडी बांधली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली. "माह्यं नाव सांगे म्हने. आन तुमची वाट पाहे." तिनं जुडी इतकी आवळली की देठं मोडली. "तुमाले काय शिव्या द्यू मी? फोटो मी बी पाह्यला होता. मले बी वाटलं, चांगला दिसते मानूस. चार लोकं मान देतीन."

शेजारची भाजीवाली ऐकत होती, तिनं मान वळवली.

"टाय कोठी हाये?"

"खिशात हाये. गाठ सुटली त्याची. बांधता नाई येत मले."

"आना इकडं."

तिनं तो चुरगळलेला टाय हातात घेतला, मांडीवर सरळ केला, हळदीच्या डागावरून अंगठा फिरवला. मग आपल्याच गुडघ्याभोवती टाकला, एक टोक वर, एक खाली, दोन फेरे, आणि जन्मभर सांभाराला मारली तीच गाठ मारून गुडघ्यावरून काढून पुढं केला.

"घाला. तुमी त जन्मभर त्यातच दिसले. उद्या तुमी हरवले त आमी काय पाहून हुडकू?"

चंद्रभाननी तो भर बाजारात डोक्यावरून गळ्यात घातला. गाठ एका कानाखाली गेली, एक टोक छातीवर, दुसरं पोटाखाली. समोरून येणारा एक जण लगेच म्हणाला, "रामराम चंद्रभानभाऊ! लई दिवसानं दिसले. गावाले गेलते का?"

तेव्हापासून टाय त्यांच्या गळ्यात आहे तो जुडीच्या गाठीचा, तिरपा. पण तो दुसऱ्या कुणाच्या गळ्यात जात नाही. परवा एक शेतकरी पेन्शनीच्या कागदासाठी फोटो काढायला आला, स्टुलावर बसला, दुपट्टा काढून मांडीवर ठेवला आणि बापजाद्यांच्या रिवाजाप्रमाणं मान पुढं केली.

"दुपट्टा घाल," चंद्रभान म्हणाले. "रोज बांधतो तसा बांध. आन दाढी राहू दे."

"आन टाय?"

"तुले नाई भेटत."

"मंग तुमी काऊन घालून राह्यले?"

चंद्रभान कॅमेऱ्यामागं गेले. बराच वेळ खट्ट झालं नाही, म्हणून त्या माणसानं कोंडलेला श्वास सोडला.

"मी हरवलो त सापडलो पायजे ना बावा," ते म्हणाले. "हालू नोको."

आणि लगेच कॅमेऱ्याआडून मान बाहेर काढून घाईघाईनं म्हणाले, "नाई, नाई. हाल. पाहिजे तेवढा हाल."